चौबळबाईंचा चौघांचा बाक

चौबळबाईंच्या आणि माझ्या वर्गाच्या मध्ये भिंत नव्हती. लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं, आणि फळ्या इतक्या जुन्या की दोहोंमधून बोट सहज जावं. अलीकडे मी भूगोल शिकवायचो, पलीकडे बाई मराठी. टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे, असा माझ्या वर्गात माझा खाक्या. पलीकडे मंगळवारी आणि शुक्रवारी निबंधाचा तास लागला की मासळीबाजार भरायचा. मी फळ्यावर सह्याद्री काढत असायचो आणि फटीतून आवाज यायचा, "कशावरून? अरे पण कशावरून?" माझी मुलं फिदीफिदी हसायची. मी खडू आपटायचो.

पनवेलच्या त्या शाळेत मी नवा होतो, पंचविशीतला, आणि स्वतःला भलताच शहाणा समजत होतो. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. अंगानं किरकोळ, आवाज बारीक, मनगटावर पुरुषी घड्याळ. पायांत रबरी चपला, त्यामुळे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. वर्गात त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत, फळ्यापाशीही फारशा थांबल्या नाहीत. सगळा तास मुलांच्या पाठीमागे. तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, पदराच्या टोकाला बडीशेपेची पुरचुंडी बांधलेली असायची आणि ती त्या कुणाला देत नसत. याहून जास्त गावाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. विचारायची कुणाची छाती नव्हती.

आमच्याकडचे बाक लांब होते, चौघांचे. बाईंनी त्या बाकालाच कामाला लावलं. मॅट्रिकच्या वर्गात निबंधाच्या तासाला एका बाकाला एकच कागद आणि एकच टाक. खिडकीकडचा लिहिणार. त्याच्या शेजारच्यानं फक्त एकच प्रश्न विचारायचा, "कशावरून?" तिसऱ्याच्या हातात तांबडी पेन्सिल, जे वाक्य टिकणार नाही ते त्यानं खोडायचं. आणि चौथा परका. म्हणजे आपण या गावचे नाही, आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही, असं धरून त्यानं झालेलं मोठ्यानं वाचायचं. परका अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. दर आठवड्याला सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. तासाभरात एका बाकाच्या कधी सहा ओळी व्हायच्या, कधी दोनच.

"सहा ओळींत मॅट्रिक होणार वाटतं पोरं?" मी एकदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारलं.

"आपटे, निबंध एकट्यानं लिहायचा, हे खरं," बाई म्हणाल्या. "पण तो शिकायचाही एकट्यानं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत थांबल्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसायची त्यांची ही खोड भल्याभल्यांना अवघड व्हायची. मी चहाचा कप उचलला.

कौतुक त्यांना माहीतच नव्हतं. एखादं वाक्य आवडलं, तर तांबड्या पेन्सिलवाल्याच्या खांद्यावरून वाकून म्हणायच्या, "राहू दे." बस्स. पण ते दोन शब्द मिळावेत म्हणून मॅट्रिकची आडदांड पोरं आठवडा आठवडा एका वाक्यावर भांडायची.

त्यातल्या एका बाकाची गोष्ट मला सांगायची आहे. त्या बाकावर वकिलांचा शरद होता, नेऱ्याचा गणपत होता, बाजारात लाकडाची वखार असलेल्यांचा इस्माईल होता आणि ओव्याची यमुना घरत होती. मुलींची संख्या वर्गात जेमतेम तीन. बाकीच्या दोघी गावातल्या, त्या बापांनी आधीच बजावून ठेवल्यामुळे वेगळ्या बसत. यमुनेला मुलांच्या बाकावर बसवलं म्हणून कमिटीतल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मध्ये दप्तर ठेवलंय. तुम्हाला दिसत नसेल तर मोठं दप्तर ठेवते."

यमुना खाडीच्या कडेकडेनं चालत यायची. घरची थोडी भातशेती, आजा आणि बाप मिठागरावर. ओव्याहून मॅट्रिकपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. पहिले तीन आठवडे तिनं तोंड उघडलं नाही. आपण बोललो की शहरातली मुलं हसतात, हे तिला ठाऊक होतं. "कशावरून?" विचारायची पाळी आली तरी मान खाली. बाईंनी तिला एकदाही बोल म्हटलं नाही.

मग एका शुक्रवारी शरदनं लिहिलं, 'मिठागरातील शुभ्र मिठाच्या राशी पाहून मन प्रसन्न होते.' छापील पुस्तकातून उचललेलं असावं. मी पलीकडे नकाशे तपासत बसलो होतो, आणि मला एक अनोळखी आवाज ऐकू आला.

"कोनाचा मन?"

बोली खाडीकाठची होती.

"मिठान उभा राहून पायांना भेगा परतान," तो आवाज पुढं म्हणाला. "भेगांन मीठ जाते. माज्या आज्याला इचारा, त्याचा मन परसन्न होते का."

कुणीतरी हसलं. बाईंचा बारीक आवाज आला, "शरद, ते खोड. आता यमुनेला विचारून लिही. आणि खाली लिही, हे कुणी सांगितलं."

तिथून त्या वर्गात नवी रीत पडली. निबंधाच्या शेवटी एक रेघ मारायची आणि रेघेखाली लिहायचं, 'सांगणार: अमुक अमुक.' आज्यानं सांगितलं तर आज्याचं नाव, वखारीवरच्या सुतारानं सांगितलं तर त्याचं नाव, दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेलं वाक्य घेतलं तर त्याचंही नाव. बाई याबाबतीत फार कडक. 'आपलं नाही ते आपलं म्हणून लिहायचं नाही' एवढंच त्या म्हणत, पण नाव राहिलं तर अख्खा निबंध परत. वर्षअखेरीला मुलांचा हात न सांगता त्या रेघेकडे वळू लागला.

आता माझं पाप सांगतो. त्या वर्षी दिवाळीनंतर एका शुक्रवारी पलीकडचा गोंगाट इतका वाढला की मला वर्ग सोडून द्यावा लागला. मी तावातावानं हेडमास्तरांना पत्र लिहिलं, 'चौबळबाईंच्या तासाला मुले एकमेकांचे ऐकून व पाहून लिहितात. त्यामुळे त्यांना स्वतंत्र लेखनाची सवय न लागता नकलेची सवय लागेल.' हेडमास्तरांनी ते वाचलं, फायलीला लावलं आणि विसरले. मीही विसरलो. रागाच्या भरात लिहिलेला कागद फाईलमध्ये किती दिवस जिवंत राहतो, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. आमच्या शाळेचा बरा लागला, पण दोन नंबरांपुढे लिहून आलं, 'राखून ठेवला.' एक यमुनेचा, एक इस्माईलचा.

चार दिवसांनी परीक्षा मंडळाचं पत्र आलं. निबंधाला 'आमच्या भागातील एक उद्योग' असा विषय होता. दोघांनीही मिठागरावर लिहिलं होतं, दोघांचे नंबर लागोपाठ होते, आणि दोघांच्या निबंधात एक वाक्य अक्षरन् अक्षर सारखं होतं: 'मीठ समुद्र देतो, पण त्याला पांढरे माणूस करतो.' हे वाक्य इस्माईलचं. माघ महिन्यात त्या बाकानं त्यावर पंधरा दिवस वाद घातला होता आणि शेवटी बाईंनी 'राहू दे' म्हटलं होतं. इस्माईलनं ते आपलं म्हणून लिहिलं, बरोबरच होतं. यमुनेनंही लिहिलं, आणि मग खाली रेघ मारून बाईंनी शिकवलं होतं तसंच लिहिलं: 'सांगणार: माझे आजोबा पदू घरत, ओवे. मिठाच्या रंगाविषयीचे वाक्य माझे नाही, माझ्या बाकावरच्या इस्माईलचे आहे.'

उत्तरपत्रिकेत आपलं वा दुसऱ्या कुणाचं नाव, गाव किंवा कसलीही खूण लिहू नये, असं वहीवर छापलेलं असतं. ओळख पटवण्याचा गुन्हा तो. वर तपासणाऱ्यानं वाचलं काय, तर मुलगी आपल्या हातानं कबूल करते आहे की हे वाक्य मागच्या मुलाचं आहे. नक्कल केल्याचा याहून चांगला पुरावा कुठला?

बाईंनी पत्र वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "नाव लिहायचं नसतं, हे मी त्यांना सांगितलंच नाही, आपटे," त्या म्हणाल्या. "मला आठवलंच नाही."

दुसऱ्या दिवशी यमुनेचा बाप, धर्मा घरत, शाळेत आला. पोरीला फाटकापाशी उभं करून एकटाच वर आला. खोलीत बाई आणि मी दोघंच होतो. तो उंबऱ्याच्या आत येईना.

"बाय, ट्रेनिंग कालेजान तिचा नाव लागलाय," तो म्हणाला. "महिनाअखेर पासाचा कागद दिला नाय त जागा जाल. खरा हाय का?"

"खरं आहे."

"मंग ऐका. मी एकदाच हो बोललोय. गावान मना तोंडावर बोलतान, आमी ऐकून घेताव. यंदा झाला त झाला. नाय झाला त परत परीक्षेला नाय पाठवनार, मास्तरीनबाई करन्याची गोष्ट संपली. पन पोरीला यातला कई सांगू नका. ती आशेवर हाय."

बाईंनी मान हलवली. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "अठरा दिवस राहिले." तेवढंच.

चौकशीला मंडळाकडून एक साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी बाईंना खोलीत बोलावलं. कसलासा कागद सहीला घेऊन मीही तिथं होतो. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, पण शाळेचं नाव त्यांना पोटच्या पोरासारखं.

"बाई, उद्या एवढंच म्हणा," ते म्हणाले. "नियम वर्गात वाचून दाखवला होता, मुलं विसरली. शाळेवर काही यायचं नाही, तुमच्यावर काही यायचं नाही."

"आणि मुलांवर?"

"मुलं काय, ऑक्टोबरला पुन्हा बसतील."

मी सही घेतली आणि बाहेर पडलो. बाई गप्प राहिल्या म्हणजे कबूल झाल्या, असंच मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. नोकरी कुणाला नको असते?

साहेब सकाळच्या मोटारीनं आले. पन्नाशीचे, कोरडे, घडी केलेला रुमाल सारखा गुडघ्यावर पसरून पुन्हा घडी करणारे. हेडमास्तरांच्या खोलीत टेबलाशी ते बसले. समोर बाई, मी आणि भिंतीला टेकून उभी राहिलेली दोन मुलं. यमुनेनं दोन्ही हात पदरात लपवले होते.

साहेबांनी फाईल उघडली आणि पहिलाच कागद काढला तो माझा.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. 'नकलेची सवय लागेल' इथं आल्यावर त्यांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या पत्राविषयी त्यांना आजवर काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या उत्तराची वाट बघत होत्या, चहाच्या कपाच्या वेळी बघत होत्या तशाच.

"साहेब, मी त्या वर्गात कधी पाऊल टाकलेलं नाही," मी म्हणालो. "पार्टिशनच्या अलीकडून आवाज ऐकला आणि लिहिलं."

"म्हणजे हे खोटं आहे?"

"म्हणजे ठाऊक नसताना लिहिलं. मुलं नक्कल करताना मी पाहिलेली नाहीत. भांडताना ऐकलेली आहेत."

साहेबांनी कागद उलटा ठेवला. मग बाईंना विचारलं, "उत्तरपत्रिकेत नाव लिहू नये, हा नियम मुलांना सांगितला होता?"

हेडमास्तरांनी घसा साफ केला. बाईंनी मुलांकडे पाहिलं नाही, हेडमास्तरांकडे तर नाहीच.

"नाही," त्या म्हणाल्या. "उलट नाव लिहायचंच, असं मी वर्षभर शिकवलं. परीक्षेत ते चालत नाही, हे सांगायला हवं होतं. राहिलं. चूक माझी आहे, मुलांची नाही."

"हे लेखी द्याल?"

"आत्ता देते."

त्यांनी तिथंच टेबलावरचा टाक घेऊन चार ओळी लिहिल्या आणि सही केली. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी तो कागद वाळू दिला. "ठीक. नावाचा दोष मग मुलांवर धरता येणार नाही," ते म्हणाले. "पण वाक्य एकच आहे, त्याचं काय? एकानं दुसऱ्याचं पाहिलंच नाही, हे मी कसं मानू? तुमच्या पद्धतीत ही मुलं एकटी लिहितात तरी का?"

"वेगवेगळ्या खोल्यांत बसवा," बाई म्हणाल्या. "विषय तुम्ही द्या. मी तिथं थांबणार नाही."

साहेबांनी ते मानलं. दोन्ही वर्गांची मुलं मैदानावर सोडली. इस्माईलला हेडमास्तरांच्या खोलीत बसवलं, यमुनेला माझ्या वर्गात, एका रिकाम्या लांब बाकावर. तिकडे जाताना बाई ओसरीवर माझ्या बाजूनं चालत होत्या.

"इस्माईलची काळजी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण यमुनेला अनोळखी विषयावर एकटीला मी कधी लिहायला लावलेलंच नाही. आपटे, तुमचं म्हणणं खरं निघालं तर?"

माझं म्हणणं खोटं निघावं म्हणून आयुष्यात एवढी प्रार्थना मी पुन्हा कधी केली नाही.

साहेबांनी फळ्यावर विषय लिहिला: 'आगगाडीचे फायदे.' त्या काळी पनवेलला आगगाडी आलेली नव्हती. ओव्याच्या पोरीनं ती कुठून पाहिलेली असणार? पण साहेबांना सांगणार कोण? ते माझ्या खुर्चीवर बसले, रुमाल पसरला आणि घड्याळ समोर ठेवलं. एक तास.

यमुना खिडकीकडच्या टोकाला बसली. टाक हातात घेतला, दौतीत बुडवला, आणि कागदाकडे बघत राहिली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. टाकावरची शाई वाळली, तिनं पुन्हा बुडवला. पंधरा मिनिटं. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

पार्टिशनच्या पलीकडे काहीतरी वाजलं.

"तिकडे कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

मी फटीला डोळा लावला. पलीकडचा वर्ग रिकामा होता. सगळ्यात लांबच्या भिंतीपाशी, शेवटच्या बाकावर बाई बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे. कुणी म्हणू नये की फटीतून खूण केली, म्हणून. मी तसं सांगितलं.

विसाव्या मिनिटाला यमुनेनं दोन ओळी लिहिल्या. टाक ठेवला. आणि बाकावर एक जागा सरकली.

ती दुसऱ्या जागेवर बसली आणि मघाच्या जागेकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मान हलवली. मग आणखी एक जागा सरकली, कागद पुढ्यात ओढला आणि दोनांतली एक ओळ आडवी रेघ मारून खोडून टाकली. मग बाकाच्या पार टोकाला गेली, कागद हातात धरला, आणि ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचू लागली.

"हे काय चाललंय?" साहेब कुजबुजले.

"ती एकटीच लिहिते आहे, साहेब," मी म्हणालो. "चारही जणांचं काम करते आहे."

ती टोकाकडून परत खिडकीकडे आली. लिहिलं. पुन्हा सरकली. पुढचा अर्धा तास ती पोर त्या बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती, आणि आम्ही दोघे शिकलेले पुरुष बघत होतो. शेवटी तिनं खाली रेघ मारली. रेघेखाली टाक टेकला, 'सां' एवढं लिहिलं, आणि थांबली. मग ती रेघ आणि ते अक्षर दोन्ही गिरगटून टाकून तिनं कागद साहेबांपुढे नेऊन ठेवला.

मी तो त्यांच्या खांद्यावरून वाचला. 'मी आगगाडी पाहिलेली नाही. म्हणून तिचे फायदे मला अंदाजाने सांगावे लागतील. आमच्या गावचे मीठ मचव्याने जाते. भरती चुकली तर मचवा पुढच्या भरतीपर्यंत खोळंबतो. आगगाडीला भरती लागत नसेल, तर तो तिचा मोठा फायदा आहे. मात्र मचव्यावर आमची माणसे काम करतात. आगगाडी आल्यावर ती काय करतील, हे मला ठाऊक नाही, व ज्याला ठाऊक आहे असा माणूस मला भेटलेला नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "विषय फायद्यांचा होता. हे शेवटचं विषयाला सोडून आहे," ते म्हणाले.

"साहेब, खोडू?" यमुनेनं विचारलं.

त्यांनी कागदाची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "नको," म्हणाले. दुपारच्या मोटारीनं ते गेले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आठवलं तरी नको वाटतं. यमुना एक दिवसाआड चालत येऊन फाटकाशी उभी राहायची, शिपाई मान हलवायचा, ती परत जायची. बाई टपालाची वेळ झाली की तास घेता घेता ओसरीवर यायच्या. महिना संपायला दोन दिवस असताना दोन लखोटे एकदम आले. पहिल्यात होतं, दोघेही उत्तीर्ण. दुसरा हेडमास्तरांच्या नावचा होता. 'सदर शिक्षिकेच्या लेखी कबुलीवरून' बाईंकडे यापुढे मॅट्रिकचा, किंबहुना वरचा कुठलाच वर्ग देऊ नये, असं त्यात होतं. बाकावर चौघांना बसवून लिहवून घेण्याची पद्धत बंद करावी, असंही होतं.

बाईंना पाचवी दिली. मॅट्रिकचं मराठी माझ्या गळ्यात मारलं.

दाखला न्यायला यमुना आली ती बापाला घेऊन. तिला सगळं शिपायाकडून कळलं होतं. पाचवीचा तास सुरू व्हायचा होता. बाई ओसरीवर आल्या. यमुना पाया पडेल असं मला वाटलं होतं. ती पडली नाही. ती चिडली होती, इतकी की तिच्या तोंडून गावची बोलीच आली.

"बाय, तुमी कशाला बोल्लाव तसा? नियम सांगितला होता, असा बोलायचा. आमी नापास झालो असतो, ऑक्टोबरला परत बसलो असतो. चार म्हयन्यांची त गोष्ट. आता मागच्या पोरांना कोन शिकवील? हे सर?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. मी खाली बघितलं. काय चूक होतं त्यात?

बाई म्हणाल्या, "मग मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"माज्यासाठी तुमी तुमचा वर्ग घालवलाव," यमुना म्हणाली. ती आता रडत होती. "मी कुटं पलून चालली होती? मी बसली असती ना परत."

बाई एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या, पण त्यांनी धर्मा घरताला मान हलवून शब्द दिला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं. तो खांबाला धरून उभा होता, डोकीवरचं फडकं काढून हातात पिळत होता.

"यमू," तो म्हणाला. "तू परत बसली नसतीस."

ती वळली.

"मीच बसवनार नव्हतो. बायला सांगून ठेवला होता. तिला म्हाईत होता."

यमुना बापाकडे बघत राहिली, मग बाईंकडे. मला तिथं उभं राहवेना आणि निघताही येईना. माझे डोळे भरून आले होते, आणि ते सांगायला मला आज या वयातही लाज वाटत नाही. बाईंनी पुढं होऊन तिच्या हातातला दाखला घेतला, त्यावरचं नाव, गाव, तारीख नीट तपासली, आणि परत तिच्या हातात दिला.

"जा," त्या म्हणाल्या. "उद्या शेवटचा दिवस आहे. पहिल्या मोटारीनं जा."

घंटा झाली. बाई वळल्या आणि पाचवीच्या वर्गाकडे भराभर चालू लागल्या. दारापाशी पोचल्यावर थांबल्या. चौकटीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ तशाच उभ्या होत्या. आतून पन्नास बारीक आवाजांनी "नमस्ते बाई" म्हटलं, तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या.